तोंडाची चव जाते तेव्हा : सिकाई सुरू होणाऱ्या घरांसाठी

इंदूरच्या कुठल्याही कॅन्सर विभागाबाहेरच्या बाकावर बसलात तर 'रेडिएशन' हा शब्द कमी आणि 'सिकाई' जास्त ऐकू येतो. आपली मराठी घरंही तेच म्हणतात. कुणी 'शेक' म्हणतं, कुणी 'लाईट'. माझ्या बाबांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यात त्यांची सिकाई सुरू झाली. एकूण ३३ शेक. त्वचा काळवंडेल, थकवा येईल, आवाज बसेल, हे सगळं आम्हाला नीट समजावलं होतं. चव जाईल हेही सांगितलं होतं, पण आम्ही ते कानाआड केलं. जीव वाचतोय, तिथे चवीचं काय घेऊन बसायचं? पुढचे सहा महिने आमच्या घरात सगळ्यात जास्त रडणं झालं ते ताटावर.

ज्यांच्या घरी हे आत्ता सुरू होतंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बाबांचा स्वयंपाक मी आणि आईनं केला. त्या काळात डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि दाताच्या डॉक्टरांकडून जे कळलं आणि जे आमच्या स्वयंपाकघरात उपयोगी पडलं, ते इथे आहे. हे सगळं तोंड, जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र, लाळग्रंथी अशा भागांच्या सिकाईबद्दल आहे. स्तन किंवा प्रोस्टेटच्या सिकाईत किरणं जिभेपर्यंत येत नाहीत. तिथे चव बिघडली तर सोबतची केमो किंवा इतर औषधं हे कारण असू शकतं, आणि तसं डॉक्टरांना विचारायला हवं.

चव जाते म्हणजे नेमकं काय होतं

स्वादकलिकांमधल्या पेशी फार दिवस जगत नाहीत. साधारण दहा-पंधरा दिवसांत जुन्या गळतात आणि नव्या येतात, हे आयुष्यभर चालू असतं. किरणं घाव घालतात ते या नव्या पेशी जिथून जन्मतात त्या मूळ पेशींवर. त्यामुळे पहिल्या आठवड्यात काहीच कळत नाही, कारण जुन्या पेशी अजून काम करत असतात. रोजचा शेक बहुधा २ ग्रेचा असतो (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप), आठवड्यातून पाच दिवस. दुसरा आठवडा संपताना २० ग्रे होतात आणि साधारण तिथपासून माणूस म्हणायला लागतो, "आज चहा कसातरी लागला." पूर्ण कोर्स ६० ते ७० ग्रेचा, म्हणजे सहा-सात आठवड्यांचा असतो. म्हणजे पुढे बरीच वाट उरलेली असते.

दुसरं कारण लाळ. पदार्थ लाळेत विरघळला तरच स्वादकलिकेपर्यंत पोचतो. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. कानापुढच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथी किरणांच्या वाटेत आल्या की ती आटते आणि उरते ती चिकट, तार धरणारी. सोबत सिस्प्लॅटिनसारखी केमो चालू असेल तर तोंडात धातूची चव येते, नाणं चोखल्यासारखी.

वास मात्र बहुतेकांना येत राहतो, आणि घरच्यांची फसगत इथेच होते. बाबा फोडणीचा वास घेऊन स्वयंपाकघरात यायचे, पानावर बसायचे आणि पहिल्याच घासाला थांबायचे. "वास आमटीचा येतोय गं, तोंडात पुठ्ठा आहे," म्हणायचे. हे ढोंग नव्हे, लाडही नव्हेत. वासाचं आणि जिभेचं काम वेगळं आहे, आणि त्यातलं एकच बंद पडलेलं असतं.

आपण शाळेत जिभेचा नकाशा शिकलो होतो, गोड टोकाला, कडू मागे. तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात, टाळूच्या मऊ भागावर आणि घशातही कळतात. याचा व्यवहारात उपयोग असा, की किरणं एकाच बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूनं घास घोळवला की थोडी चव लागते. आम्हाला हे चौथ्या आठवड्यात कळलं. तुम्ही पहिल्यापासून करून बघा.

पहिली पायरी : सिकाईआधीचे दिवस

आधी दाताचा डॉक्टर. हे चवीच्या लेखात कशाला, असं वाटेल. लाळ आटली की दात झपाट्यानं किडतात, आणि सिकाई झालेल्या जबड्यातला दात काढला तर जखम भरून न येता हाड खराब होण्याची भीती असते. जे दात काढायचे ते आधीच काढून जखम भरायला दोन आठवडे तरी मिळायला हवेत. सिकाईनंतर कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, दात काढायची वेळ आली तर आधी सिकाईच्या डॉक्टरांना विचारायचं.

मग डॉक्टरांना हे दोन प्रश्न विचारा. लाळग्रंथी किती वाचवता येतील? जीभ किरणांच्या वाटेतून बाजूला ठेवायला तोंडात काही ठेवता येईल का? आताच्या मशीनवर किरणांना हवा तसा आकार देता येतो आणि ग्रंथी शक्य तितक्या वाचवतात, पण गाठ कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून. उत्तर काहीही येवो, पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येतो.

एक वही करा. पहिल्या पानावर आजचं वजन. दुसऱ्या पानावर चवीची घरगुती चाचणी: एका पेल्यात चमचाभर साखरेचं पाणी, एकात पाव चमचा मिठाचं, एकात लिंबाचं, एकात बिनसाखरेची काळी कॉफी. डोळे मिटून प्रत्येकातला एकेक घोट, मध्ये साध्या पाण्याची चूळ, आणि कळलं की नाही ते लिहायचं. सिकाईआधी एकदा करा, मग दर पंधरा दिवसांनी. तोंडात फोड आले की लिंबू आणि कॉफी बंद. ही चाचणी डॉक्टरांसाठी नाही, घरच्यांसाठी आहे. पुढे जेव्हा 'काहीच बदलत नाही' असं वाटायला लागतं, तेव्हा ही वही सांगते की मागच्या महिन्यात मीठ कळत नव्हतं आणि आज कळलं.

आणि या दिवसांत पेशंटला जे आवडतं ते मनसोक्त खाऊ द्या. जानेवारी होता, गराडूचा, म्हणजे तळून खातात त्या कंदाचा हंगाम. दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार जागा होतो, तेव्हा आम्ही बाबांना घेऊन गेलो. लिंबू आणि जीरावन (इंदुरी चटकदार मसाला) घातलेले गरम गराडू, मग दहीवडा. बायोप्सीच्या जखमेला थोडं झोंबलं, तरी ते खात राहिले. त्या रात्रीनं अंगावर थोडं वजनही चढलं असेल, आणि पुढच्या दीड महिन्यात ते प्रत्येक ग्रॅम उपयोगी पडतं.

तंबाखू, गुटखा, सुपारी, विडी, दारू आजपासून बंद. धूम्रपान चालू ठेवलं तर सिकाईचा गुण कमी येतो आणि तोंड जास्त सोलतं.

दुसरी पायरी : पहिला आठवडा

या आठवड्यात काही होत नाही म्हणून घर सैल पडतं. तसं होऊ देऊ नका. तोंड धुण्याची शिस्त आत्ताच बसवायची, कारण फोड आल्यावर नवी सवय लागत नाही.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा. रोज ताजं करायचं. दिवसातून पाच-सहा वेळा आणि प्रत्येक खाण्याआधी हळू खळखळून थुंकायचं. जेवणाआधीची चूळ महत्त्वाची. जिभेवरचा चिकट थर निघतो आणि जी काही चव शिल्लक असेल ती लागते. बाजारातले झणझणीत माऊथवॉश नकोत, त्यातलं अल्कोहोल तोंड आणखी कोरडं करतं. ब्रश लहान मुलांचा, मऊ. फ्लोराईड कुठलं आणि किती वेळा, ते दाताचे डॉक्टर सांगतील.

तिसरी पायरी : दुसरा ते चौथा आठवडा

आता चवी जायला लागतात. सगळ्यांच्या एकाच क्रमानं जात नाहीत. बाबांचं गोड आधी गेलं, मग मीठ. कडू मात्र हटेना. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका काकूंना उलट सगळंच खारट लागत होतं, साधं पाणीसुद्धा. त्यामुळे दुसऱ्या पेशंटला काय चाललं हे ऐकून घ्या, पण आपल्या घरी करून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

आमच्याकडे ज्यांचा उपयोग झाला त्या गोष्टी अशा. स्टीलचं ताट-वाटी बाजूला ठेवून काचेची वाटी आणि लाकडी चमचा घेतला, धातूची चव लगेच कमी झाली. गरम जेवणाचा वास उठतो आणि तोंडात मात्र काही नसतं, त्यातून मळमळ होते. म्हणून कोमट किंवा गार पदार्थ बरे पडले. फोडण्या बाबा खोलीत दार लावून असताना द्यायच्या, खिडकी उघडी ठेवून. चहा कडू काढा लागायला लागला तेव्हा त्याच कपात त्याच वेळेला गार दूध दिलं, वेलची घालून. चार वाजता हातात कप येणं ही सवय मोडली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तोंडाला जखम नसेल तोवर लिंबू, आमसूल, पुदिना चालतं. आंबटानं लाळही थोडी सुटते. फोड दिसले की त्याच दिवशी हे बंद.

साखर आणि मिठाबद्दल सावध राहा. चव लागत नाही म्हणून माणूस वरून मीठ घेत जातो, चहात चार चमचे साखर घालतो. जिभेला कळत नसलं तरी रक्तदाबाला आणि शुगरला कळतं. आमच्याकडे मीठ चमच्यानं मोजून पडायचं आणि मिठाची वाटी पानावर नसायची. गोड पाण्याचे घोट दिवसभर घेत राहणंही वाईट. कोरड्या तोंडात साखर दातांना चिकटून बसते. गोड द्यायचं तर एकदाच द्या आणि मग चूळ.

आणखी एक. पेशंटला नासलेलं कळत नाही. आंबलेलं दूध, खवट शेंगदाण्याचं कूट, विटलेली भाजी, त्याची जीभ यातलं काही सांगणार नाही. प्रत्येक वाटी देण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी चाखायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या आठवड्यांत खायचं ते जिभेला विचारून नाही, घड्याळ बघून. भूक आणि चव दोन्ही रजेवर असतात. त्यांची वाट बघत बसलं तर संध्याकाळ होते आणि पोटात दोन कप दूध. आम्ही वहीत वेळा घातल्या: ७, ९, ११, १, ४, ६, ८, आणि झोपताना. दर वेळी एक वाटी, जास्त नाही. बाबा बँकेत चाळीस वर्षं वेळ पाळलेले, त्यांना हे पटलं. "औषध आहे म्हणून घेतो," म्हणायचे. आम्हीही मग तसंच म्हणायला लागलो.

चौथी पायरी : पाचवा आठवडा ते शेक संपल्यावरचे पंधरा दिवस

हा सगळ्यात कठीण काळ. तोंड सोलतं, गिळताना टोचतं, लाळेची तार सुटत नाही. आणि शेवटच्या शेकानंतर त्रास थांबत नाही, तो आणखी आठ-पंधरा दिवस तसाच राहतो किंवा वाढतो. शेवटच्या दिवशी बाकावर पेढे वाटले जातात, घरी गेल्यावर माणूस आणखी खाली जातो, आणि घरचे घाबरतात. तुम्ही घाबरू नका, पण ढिलेही पडू नका.

आहारतज्ज्ञांनी आम्हाला हिशोब दिला होता: दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण ३० कॅलरी. बाबा ६० किलोचे, म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं आणि १,८०० कॅलरी. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. साध्या मराठी जेवणात एवढी प्रथिनं बसत नाहीत, हे आम्हाला मोजल्यावर कळलं. मऊ भात आणि तूप पोट भरतं, पण प्रथिनं नाममात्र. एका अंड्यात ६ ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. म्हणून प्रत्येक वाटीत काहीतरी लपवायचं. दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर, म्हणजे चार-पाच ग्रॅम वाढले. मऊ भातात मुगाच्या डाळीचं घट्ट वरण घोटून. रव्याच्या पातळ खिरीत पनीर वाटून. अंडं चालत असेल तर दुधात फेटून मंद आचेवर शिजवलेलं, कच्चं कधीच नाही.

इंदूरच्या घरांना एक गोष्ट हाताशी आहे, भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा कीस. मुळात तो दुधात शिजतो, मऊ असतो आणि पोटभरीचा. मिरची, मोहरी, लिंबू सगळं वगळायचं. कोवळा भुट्टा किसून तुपावर परतायचा, दूध घालून अगदी पातळ होईपर्यंत शिजवायचा, मग मिक्सरमधून काढून गाळायचा म्हणजे सालं राहत नाहीत. चिमूटभर हिंग चालतो. आमच्या वेळी हंगाम नव्हता, फ्रीजमध्ये ठेवलेले दाणे वापरले. तेही चाललं. पोह्यांचंही तसंच. शेव आणि जीरावन नाही, कांदा नाही. भिजवलेले पातळ पोहे गार दुधात कुस्करून. दही फार आंबट नसेल तर दहीपोहे. सातूचं पीठ दुधात, तेही छान जातं.

वेदनेचं औषध किंवा तोंड बधिर करणारं जेल डॉक्टरांनी दिलं असेल तर खाण्याच्या किती आधी घ्यायचं ते विचारून ठेवा, आणि त्या वेळा घड्याळाच्या वेळांशी जुळवा. बधिर तोंडानं घाईत खाऊ नका, ठसका लागतो आणि गाल चावला जातो.

नाकातून खाण्याची नळी टाकू असं डॉक्टर म्हणाले तर ती हार समजू नका. आमच्या ओळखीतल्या एका घरानं आठ दिवस नळी नाकारली, तेवढ्यात वजन इतकं उतरलं की शेक मध्येच थांबवावे लागले. शेकांत खंड पडणं उपचाराला मारक असतं. नळी असली तरी तोंडानं पाण्याचे घोट घेत राहायचे, गिळण्याचे स्नायू झोपू द्यायचे नाहीत. तोंड उघडण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम शिकवले असतील तर ते रोज.

खालीलपैकी काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता आपल्या विभागाला फोन करा: आठवड्यात एक किलोपेक्षा जास्त वजन उतरलं, पाणीही गिळता येत नाही, पाणी पिताना प्रत्येक वेळी ठसका लागतो, लघवी कमी आणि गडद होते, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर जातो. जिभेवर किंवा गालात पांढरे, दह्यासारखे डाग दिसले तर ती बहुधा बुरशी असते. ती चव आणखी बिघडवते आणि औषधानं बरी होते. 'सिकाईत असंच असतं' म्हणून ती सोसत बसणारे खूप जण मी पाहिले.

पुरणपोळीबद्दल

बाबांचा शेवटचा शेक झाला आणि चार दिवसांनी होळी आली. आईनं पुरणपोळी केली. चाळीस वर्षं होळीला बाबा तिच्या हातच्या चार पोळ्या खातात, तूप आणि दूध घेऊन. तिनं कडा काढून टाकल्या, पोळी दुधात कुस्करून लगदा केला, वाटीत घातली. बाबांनी एक चमचा घेतला. तोंड वाकडं होऊ नये म्हणून त्यांनी किती प्रयत्न केला ते मला दिसलं. मग त्यांनी वाटी खाली ठेवली. आई आत गेली आणि ओट्याला टेकून रडली. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली, दरवर्षी बाबा बघायला जायचे. त्या दिवशी दोघं दोन खोल्यांत.

नंतर आहारतज्ज्ञांनी सांगितलं ते मी प्रत्येक घराला सांगते. तोंड सोललेलं असताना, मळमळत असताना जो पदार्थ खाल्ला जातो त्याच्याशी मेंदू ती शिसारी जोडून टाकतो, आणि चव परत आल्यावरही तो पदार्थ नको होतो. म्हणून सगळ्यात आवडता पदार्थ या आठवड्यांत अजिबात द्यायचा नाही. त्याला राखून ठेवायचं. सणाला घरच्यांनी खावं, पेशंटसमोर नको असेल तर आत बसून खावं, पण 'एक घास तरी घ्या' म्हणू नये. बाबांना पुरणाचा वास पुढे सात-आठ महिने सोसला नाही.

दुसरी गोष्ट, जेवताना 'कसं झालंय?' हा प्रश्न बंद करायचा. आपल्याकडे हा प्रश्न सवयीनं निघतो, स्वयंपाक करणाऱ्याचा तो हक्कच असतो. पण पेशंटकडे त्याचं खरं उत्तर एकच असतं, आणि ते रोज आठ वेळा देणं त्याला जड जातं. 'किती गेलं?' असं विचारा. अर्धी वाटी, पाऊण वाटी. ते वहीत लिहा आणि विषय सोडा.

स्वयंपाक करणारीच पेशंट असेल तर

तंबाखूच्या मिश्रीमुळे असो किंवा काहीच कारण नसताना असो, बायकांनाही हा आजार होतो, आणि त्या घरांत प्रश्न वेगळाच असतो. तिला चव कळत नाही, तरी थोडं बरं वाटताच ती स्वयंपाकाला उभी राहते. मग भाजी खारट होते, कुणी काहीतरी बोलतं, आणि तिच्या हातातून तिचं काम निसटतं. तिला स्वयंपाकघरातून उठवू नका. मापाचे चमचे आणा, आणि ती बरी असतानाच, म्हणजे सिकाईच्या आधी, तिच्या हाताचा अंदाज मापात उतरवून घ्या: चार माणसांच्या आमटीला मीठ किती, गूळ किती, गोडा मसाला किती. माझ्या मावसबहिणीनं तिच्या सासूबाईंची अशी बारा पानं लिहून घेतली. त्या मापानं सासूबाई सहा महिने न चाखता स्वयंपाक करत होत्या, आणि चव चाखायचं काम नातवाकडे होतं.

पाचवी पायरी : परत येताना

बहुतेकांची चव शेक संपल्यावर एक-दोन महिन्यांत हळूहळू यायला लागते आणि सहा महिने ते वर्षभरात बऱ्यापैकी परत येते. काहींना पूर्ण येत नाही. लाळ आणखी सावकाश सुधारते, वर्ष-दीड वर्षही लागतं, आणि ग्रंथींवर जास्त डोस गेला असेल तर कोरडेपणा कायमचा राहतो. पाण्याची बाटली मग खिशातल्या रुमालासारखी होते.

या काळात दर पंधरा दिवसांची चाचणी पुन्हा सुरू करा. बाबांच्या वहीत गुढीपाडव्याला चारही पेले 'नाही' असे आहेत. मे महिन्यात मीठ 'थोडं'. जूनमध्ये आंबट. गोड सगळ्यात शेवटी आलं, आणि आलं तेव्हा अर्धवट: आंबा आंबट लागायचा, साखर गोड लागायची, गूळ मात्र राखेसारखा. चवी अशा वेड्यावाकड्या परत येतात, आज आलेली उद्या जातेही. एक पदार्थ नकोसा लागला तर दोन आठवडे सोडून द्या आणि मग पुन्हा एक चमचा द्या. नेहमी एक चमचाच.

झिंकच्या गोळ्यांबद्दल सगळे विचारतात. अभ्यासांत कुठे फायदा दिसला, कुठे काहीच नाही, त्यामुळे आपल्या मनानं सुरू करू नका. रक्तात कमतरता असेल तर डॉक्टर देतील. तेच काढे आणि चूर्णांचं. काय घेताय ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको, विशेषतः केमो चालू असताना.

मानेला सिकाई झाली असेल तर थायरॉइड मंदावू शकतं, कधी वर्षांनंतरही. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला सांगतात, ते चुकवू नका. सुधारत आलेली चव पुन्हा गेली तर थायरॉइड, बुरशी, बी-१२, दात, नवी औषधं, या सगळ्याकडे बघावं लागतं. आणि तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम दिसली तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

पावसाळा लागला, ठेल्यांवर भुट्टे आले आणि आईनं ताजा कीस केला, या वेळी हिंग आणि मोहरीच्या फोडणीचा, अर्धी मिरची घालून. बाबांनी वाटी संपवली आणि बोटानं कड पुसली. कुणी काही विचारलं नाही. मी वहीत लिहिलं: कीस, पूर्ण. गणपतीत मोदकाचं सारण अर्धं गेलं. पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा सराफ्यात गेलो. पाण्याची बाटली होती, गराडूचे लहान तुकडे करून घेतले आणि कडक कड बाजूला काढली, कारण कोरड्या तोंडात ती टोचते. जीरावन चिमूटभर, आधी एका तुकड्यावर. तो झोंबला नाही म्हणून मग बाकीच्यांवर.

पुरणपोळी त्यांनी त्या वर्षीच्या होळीला मागून घेतली, अर्धी. चहा अजून जमत नाही. चार वाजता त्याच कपात वेलचीचं दूधच असतं.